वायर जुनी की लोड जास्त?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. एका सकाळी बाथरूमच्या नळाला हात लावला आणि झिणझिण्या येतील असा झटका बसला. गल्लीतला इलेक्ट्रिशियन आला, टेस्टर लावला, गिझरच्या सॉकेटची प्लेट खोलली आणि म्हणाला, "याला अर्थिंगच नाही. वरच्या भोकात वायरच जोडलेली नाही. गिझर लावू नका." मी तिथल्या तिथे मालकांना फोन लावून त्याच्या हातात दिला. तर तोच माणूस फोनवर म्हणतो, "नाही काका, तसं काही विशेष नाही, फिटिंग जरा जुनं आहे. आणि यांचा गिझरपण मोठाय ना." मालकांच्या दुसऱ्या इमारतीचं काम त्याच्याकडेच होतं, हे मला नंतर कळलं.

तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. पण तुम्ही संशोधनासाठी विषय शोधत असाल तर त्या दोन मिनिटांच्या फोनकडे नीट बघा. एकच सॉकेट, एकच दोष, आणि ऐकणारा बदलल्यावर त्याची दोन वेगळी वर्णनं.

कायद्याच्या समाजशास्त्रात फेल्स्टिनर, एबल आणि सराट या तिघांचा १९८०-८१ सालचा एक लेख प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वाद आयता जन्माला येत नाही. आधी त्रासाला नाव मिळावं लागतं (हे नुसतं दुर्दैव नाही, माझं नुकसान झालंय). मग दोष कोणाचा ते ठरतं. मग त्या माणसाकडे मागणी होते, आणि ती नाकारली गेली की वाद. बहुतेक तक्रारी या वाटेवर कुठेतरी विरून जातात. म्हणून फक्त कोर्टाच्या फायली वाचून भाडेकरू-मालक वाद अभ्यासणं म्हणजे लग्नपत्रिका मोजून कांदेपोह्यांचा हिशोब मांडण्यासारखं आहे.

वायरिंगच्या बाबतीत गंमत अशी, की नाव आणि दोष या दोन्ही पायऱ्यांवर तिसराच माणूस उभा असतो. पोपडे निघालेली भिंत भाडेकरूला दिसते, गळणारं छत दिसतं. प्लास्टरच्या आतली वायर दिसत नाही. माझ्याच उदाहरणात बघा, एमसीबी पडला नव्हता, म्हणजे सगळं ठीक आहे असंच मी समजत होतो. पण एमसीबी असतो वायर वाचवायला, माणूस वाचवायला नाही. अर्थिंग नसेल तर गळणाऱ्या करंटला परत जायला सोपी वाट मिळत नाही, करंट थोडाच राहतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. घरात बसवतात तो ३० मिलिअँपिअर गळतीला सप्लाय तोडतो. हे मला कोणी सांगितलं? त्याच इलेक्ट्रिशियननं. त्याच्याशिवाय माझ्याकडे फक्त झिणझिण्या होत्या.

आता दोषाची पायरी. जळालेली वायर हातात घेऊन इलेक्ट्रिशियन दोनपैकी एक वाक्य बोलतो. "वायर जुनी झालीय" किंवा "तुम्ही लोड वाढवलाय." तांत्रिकदृष्ट्या दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण नऊ अँपिअर ओढतो, आणि वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या बारीक, तडकलेल्या वायरला ते झेपत नाही. पण पहिलं वाक्य खर्च मालकाच्या दारात नेऊन ठेवतं आणि दुसरं भाडेकरूच्या. भाडेकरारात 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे, मोठी मालकाकडे' असं सर्रास लिहिलेलं असतं. वायरिंग यातलं काय, हे करार सांगत नाही. व्यवहारात ते इलेक्ट्रिशियनच्या तोंडून ठरतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मुंबईच्या पागडीच्या खोलीचं गोठलेलं भाडं डोळ्यासमोर आणा. त्याच्या चतुर्थांशात अख्ख्या खोलीचं वायरिंग सोडा, एक बोर्डही होणार नाही. आणि माझ्यासारखे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे तर कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हेत. आमचा आधार म्हणजे करारातली वाक्यं. तुम्ही या विषयात उतरलात तर 'भाडेकरू' हा शब्द पहिल्याच प्रकरणात तोडून दाखवावा लागेल, नाहीतर व्हायव्हात कोणीतरी तुम्हाला तोडेल.

माझा खरा प्रश्न मात्र कागदाचा आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, त्यापुढचं वायरिंग ग्राहकाचं. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायचं असा नियम आहे, आणि नवं कनेक्शन घेताना त्याचा चाचणी अहवाल लागतो. पुढे जीवघेणा अपघात झाला तर विद्युत निरीक्षक येतो, चौकशी होते, पुन्हा कागद होतो. मधली तीस-चाळीस वर्षं? नियमांत ठरावीक मुदतीनं तपासणीही आहे, पण तुमच्या भाड्याच्या घरात ती झाल्याचं आठवतंय का? त्या काळात घराच्या वायरिंगबद्दल जे काही ज्ञान असतं ते तोंडीच असतं, आणि ते अशा माणसाकडे असतं ज्याच्याकडे कित्येकदा स्वतःचा परवाना नसतो. लिहून द्या म्हटलं की तो गप्प होतो. सही केली तर मालक तुटणार, वर 'तू कोण लिहून देणारा' असंही कोणीतरी विचारणार.

म्हणून फील्डवर जाताना "कोण बरोबर?" हा प्रश्न घरी ठेवून जा. इलेक्ट्रिशियनबरोबर दिवसभर फिरा. तो कोणासमोर कोणता शब्द वापरतो, पैसे कोण देतं, बिलावर काय उतरतं आणि काय गळतं, हे वेगवेगळ्या रकान्यांत टिपा. मुलाखतीत तो "मी सगळ्यांना खरं तेच सांगतो" असं म्हणणार. त्यात खोटेपणा असतोच असं नाही, म्हणून प्रत्यक्ष बघणं जास्त महत्त्वाचं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. तुम्ही निरीक्षणाला बसलात आणि समोर उघडी लाइव्ह वायर दिसली, घरात रांगतं मूल आहे, तर काय करायचं? फील्डमध्ये ढवळाढवळ नको म्हणून गप्प बसायचं? माझं मत स्पष्ट आहे: तिथल्या तिथे सांगायचं, आणि आपण सांगितलं हेही डायरीत लिहायचं. विदा थोडी बिघडली तर बिघडू दे. पण मालकाला परस्पर फोन मात्र करायचा नाही. तुमच्या एका फोननं कोणाचा करार पुढे वाढायचा थांबू शकतो, आणि खोली त्यांची जाते, तुमची नाही. तक्रार पुढे न्यायची की नाही ते त्या घरानं ठरवायचं. हे सगळं नैतिक समितीच्या अर्जात आधीच लिहा, आमच्या बॅचला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीचं बिल मी अजून ठेवलंय. अर्थची वायर त्यानं दुसऱ्या दिवशी बोर्डापासून ओढून दिली, पैसे मी दिले. बिलावर एवढंच आहे: 'सॉकेट बदलला, १ नग.'