गुरखा पलटणी आणि तोफा

‘गुरखा’ म्हटले की आपल्याकडील शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे रात्री काठी आपटीत गस्त घालणारा पहारेकरी तरी उभा राहतो, नाहीतर कमरेला कुकरी लावलेला पायदळाचा शिपाई. तोफेशी त्याचे नाते सहसा कोणी जोडीत नाही. परंतु गुरखा पलटणींच्या इतिहासाचा आरंभच मुळी तोफांसमोर झाला, आणि पुढे एकदा तर अशा एका रेजिमेंटने तोफही हाती घेतली. ही हकीकत पाहू लागले की एक प्रश्न ओघानेच पुढे येतो: परक्या देशाच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढणाऱ्या या माणसाला भाडोत्री म्हणावे काय?

गोरखा हे मूळचे एका गावाचे व लहानशा राज्याचे नाव. तेथील राजा पृथ्वीनारायण शाह याने अठराव्या शतकात नेपाळ एका छत्राखाली आणला. हे राज्य वाढत वाढत कंपनी सरकारच्या हद्दीला भिडले आणि १८१४ साली युद्ध जुंपले. डेहराडूनजवळ नालापानीच्या किल्ल्यात बलभद्र कुंवराने मोजक्या माणसांनिशी इंग्रजांना महिनाभर थोपवून धरले. जनरल गिलेस्पी तेथेच पडला. पश्चिमेकडे ऑक्टरलोनी या सेनापतीने मात्र घाई केली नाही. त्याने रस्ते खोदले, हत्ती लावले आणि तोफा मलाऊनच्या डोंगरधारेवर चढविल्या. १६ एप्रिल १८१५ रोजी पहाटे वृद्ध सरदार भक्ती थापा देवथल येथे त्या तोफांवरच तुटून पडला. तोफांपाशी गोलंदाज मोजकेच उभे उरले. पण हल्ला मोडला आणि भक्ती थापा कामास आला. इंग्रजांनी त्याचे शव शालीत गुंडाळून सन्मानाने परत पाठविले. त्याच वर्षी इंग्रजांनी या शत्रूंतूनच नसिरी, सिरमूर व कुमाऊं या पलटणी उभ्या केल्या. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गुरखा रायफल्सचे मूळ तेच.

येथे सैन्यातील एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. पायदळाच्या पलटणीचा मान तिच्या निशाणात असतो. रायफल पलटणी परंपरेने निशाण बाळगीत नाहीत. तोफखान्याची गोष्ट निराळी. तेथे तोफ हेच निशाण. ती शत्रूच्या हाती जाऊ देणे यासारखी नामुष्की नाही. आपल्या नाशिकरोड-देवळालीच्या तोफखान्यातही हाच संस्कार रुजविला जातो.

१९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी व नववी भारताकडे राहिली. दुसरी, सहावी, सातवी व दहावी ब्रिटनकडे गेली. ब्रिटनकडे जाणाऱ्या रेजिमेंटांतील जवानांना मात्र स्वतःचा कौल देण्याची मुभा होती. सातव्या व दहाव्या रेजिमेंटांतील पुष्कळांनी ब्रिटनकडे जाण्यास नकार दिला. त्यांना सामावून घेण्यासाठी १ जानेवारी १९४८ रोजी भारतात अकरावी गोरखा रायफल्स उभी राहिली. इकडे मलायात पोहोचलेल्या सातव्या रेजिमेंटला ब्रिटिशांनी तोफखान्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. परंतु १९४८ च्या जूनमध्ये मलायात कम्युनिस्टांचा उठाव सुरू झाला. जंगलातील त्या लढाईत तोफेपेक्षा पायी फिरणारा शिपाई अधिक हवा होता. तोफखान्याचा बेत सोडून देण्यात आला आणि रेजिमेंट पुन्हा पायदळ झाली.

हत्यार बदलले, पुन्हा जुने हाती आले. तरी पलटण तीच राहिली. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या ‘दशैं’ला, शस्त्रपूजा होते, आपल्या खंडेनवमीसारखीच. ‘भ्याड होण्यापेक्षा मरण बरे’ या अर्थाचे ब्रीद तोंडोतोंडी असते. भारतीय सैन्यात या ब्रीदाची साक्ष १९६१ साली काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांनी, १९६२ साली लडाखात मेजर धनसिंग थापांनी आणि १९९९ साली कारगिलमध्ये कॅप्टन मनोजकुमार पांडे यांनी दिली. तिघेही परमवीरचक्राचे मानकरी. यांपैकी गुरखा कुळातले एकटे थापा. बाकीचे दोघे अन्य समाजांतले. परंपरा रक्तातून येत नसून एकत्र जगण्यातून येते, हे यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ९ नोव्हेंबर १९४७ रोजी नेपाळ, भारत व ब्रिटन यांच्यात जो करार झाला, त्यात नेपाळने मुख्य आग्रह धरला तो हाच: आमच्या माणसांना बाकीच्या सैनिकांच्या बरोबरीने वागवा, म्हणजे भाडोत्रीपणाचा डाग कायमचा पुसला जाईल. भाडोत्री आणि सैनिक यांतील भेद पगारात नाही; पगार दोघेही घेतात. भेद आहे तो दिलेल्या शब्दात, बरोबरीच्या वागणुकीत आणि म्हातारपणच्या आधारात. ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याच्या हक्कासाठी १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना २००९ पर्यंत झगडावे लागले. भारतात २०२२ साली चार वर्षांच्या सेवेची ‘अग्निपथ’ योजना आली. सैन्यातून लवकर परतणाऱ्या तरुणांचे पुढे काय, आणि ही योजना १९४७ च्या कराराशी जुळते काय, असे विचारून नेपाळने भरती थांबविली.

यात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा मुत्सद्द्यांनी करावा. आपण नागरिकांनी एवढे ओळखावे की भक्ती थापाच्या वंशजांनी दोन शतके तोफेच्या तोंडी उभे राहून आपल्या बाजूचा शब्द पाळला आहे. दुसऱ्या बाजूच्या शब्दाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.