पुलगावच्या आमदार प्रभाताई

मैत्रिणींनो, आज आपल्या जिल्ह्यातल्या प्रभाताई राव यांच्याविषयी बोलू. १९७२ साली त्या पुलगावातून विधानसभेवर निवडून गेल्या. आता पुलगाव देवळी मतदारसंघात येतं. पुढे त्या राज्यात मंत्री झाल्या, १९९९ मध्ये वर्ध्याच्या खासदार, नंतर हिमाचल प्रदेश आणि राजस्थानच्या राज्यपाल. २०१० साली त्या गेल्या.

राज्यपालपद मोठंच, पण मला त्यांचं १९७९ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा शरद पवारांचं पुलोद सरकार होतं आणि प्रभाताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. विरोधी पक्षनेता म्हणजे सरकारला भर सभागृहात जाब विचारणाऱ्यांचा पुढारी. पैसा कुठं गेला, काम का अडलं, हे विचारायचं तर कागद वाचावे लागतात. ग्रामसभेत जमाखर्च मागणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको! त्याच वर्षी हे पद पुढे प्रतिभाताई पाटलांकडे गेलं.

ग्रामपंचायतीत आपल्याला निम्म्या जागा राखीव आहेत. आमदारकीत तसं नाही. एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच तो लागू व्हायचा आहे. तोवर बाईला तिकीट द्यायचं की नाही, हे पक्षच ठरवणार.