हृद्रोगाची गोळी आणि दमेकऱ्याचा श्वास

हृच्छूलाने पीडित झालेल्या हृदयाला अधिक रक्त पोहोचविण्याची खटपट करण्याऐवजी त्या हृदयाची प्राणवायूची गरजच कमी करावी, हा विचार जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने चिकाटीने तडीस नेला, आणि त्यातून १९६० नंतरच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध सिद्ध झाले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथा यथार्थच होते. परंतु हृदयाला विसावा देणारे हे औषध दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकते, हेही आरंभीच्या वर्षांतच वैद्यांच्या ध्यानी आले होते.

याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम पेशींवर ज्या ग्राहकांच्या द्वारे बजावला जातो, त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग अमेरिकेतील रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडले, आणि पुढे बीटाचेही दोन प्रकार निराळे झाले: पहिला मुख्यतः हृदयात असून त्याची गती वाढवितो, तर दुसरा श्वासनलिकांच्या स्नायूंत असून त्यांना सैल ठेवतो. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रोधक औषध या दोहोंनाही सरसकट मज्जाव करते. निरोगी मनुष्याला त्याची फारशी जाणीव होत नाही. दमेकऱ्याच्या आधीच सुजलेल्या, चटकन आवळणाऱ्या नलिका मात्र घट्ट मिटू लागतात, आणि अशा वेळी तो ज्या सालब्युटामॉलच्या पंपाकडे हात नेतो, त्याचे कार्यही याच दुसऱ्या ग्राहकावर अवलंबून असल्यामुळे, नेमका आणीबाणीच्या क्षणी तो पंप निष्प्रभ ठरण्याचा धोका असतो.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही नंतरची औषधे हृदयातील ग्राहकाला अधिक पसंती देतात, म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सौम्य दम्याच्या रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर ती कधीकधी अल्प मात्रेत, देखरेखीखाली देतात. तथापि ही पसंती म्हणजे अभयपत्र नव्हे, कारण मात्रा वाढली की हा भेदभाव क्षीण होतो. कार्वेडिलॉल तर दोन्ही बीटा ग्राहकांना अडविते. उलट, रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन श्वासनलिकांच्या वाटेला जात नाही. रक्तदाबाच्याच रॅमिप्रिल या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो दम्याचाच समजून पंपाचे फवारे वाढविले जातात. अ‍ॅस्पिरिनने काही थोड्या दमेकऱ्यांना दम्याचा तीव्र झटका येतो, त्याची पूर्वकल्पना डॉक्टरांना द्यावी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती काचबिंदूसाठी दिली जाणारी टिमोलॉल या बीटा रोधकाची बाटली. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो, तेथील श्लेष्मल त्वचेतून थेट रक्तात मिसळतो आणि यकृताच्या पहिल्या तडाख्यातून निसटतो. एवढ्याशा थेंबाने दमेकऱ्याच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. डोळ्यांचे डॉक्टर छातीची चौकशी करतीलच असे नाही, आणि आजी-आजोबांनाही डोळ्याच्या औषधाचा दम्याशी काही संबंध असेल असे वाटत नाही. निरनिराळ्या दवाखान्यांतील चिठ्ठ्या एकत्र पाहणारा मनुष्य बहुधा स्वतः रुग्ण किंवा त्याच्या घरचाच असतो.

म्हणून दमेकऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना आग्रहाची विनंती अशी की, हृदयाचे असोत वा डोळ्यांचे, अर्धशिशीचे असोत वा हात थरथरण्याचे, प्रत्येक डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात दम्याची हकीकत सांगावी. परंतु हे वाचून चालू असलेली गोळी परस्पर बंद मात्र करू नये, कारण बीटा रोधक एकाएकी थांबविल्याने छातीत कळा येऊ शकतात, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. बदल करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.