कळशीच्या तळाएवढी भुकटी, पृथ्वीला प्रदक्षिणा

झाड हेही पीकच, हे नाशिक जिल्ह्याने केव्हाच ठरवून टाकलं. १९८३ साली विनायकदादा पाटलांच्या पुढाकाराने इथे निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. सिन्नरसारख्या कोरडवाहू तालुक्यात निलगिरी, सुबाभूळ म्हणजे कमी पाण्यात झटपट वाढणारा पैसा. दोन-दोन मीटरवर लावा, एकरात हजार झाडं!

आता सुबाभळीच्या बुडाशी वाका. लालसर, पॉलिश केल्यासारखी चकाकणारी, लाकडासारखी टणक छत्री दिसली? ही गॅनोडर्मा, मूळकूज करणारी बुरशी. छत्रीच्या पोटाशी बारीक छिद्रं असतात, चौरस सेंटिमीटरला अडीच हजारांच्या आसपास. त्यांतून बीजाणू गळतात. किती? हिच्या एका सख्ख्या बहिणीचा हिशेब शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडलाय. एका छत्रीतून दिवसाला ३,००० कोटी!

म्हणजे सेकंदाला साडेतीन लाख. सिन्नर शहराची लोकसंख्या २०११ साली पासष्ट हजारांच्या घरात होती. 'एक' म्हणेपर्यंत पाच सिन्नर बाहेर!

बीजाणूंना मुंबईच्या लोकलमध्ये बसवू. रोजचे ७५ लाख प्रवासी धरले, तर छत्रीचं एका दिवसाचं पीक वाहून न्यायला सगळ्या लोकलना अकरा वर्षं लागतील. आणि छत्री थांबते कुठे? सहा महिने चालूच! एकूण ५ लाख ४० हजार कोटी. बीजाणूला एक रुपया धरा, महाराष्ट्राचा २०२३-२४चा अख्खा अर्थसंकल्प जवळजवळ निघाला.

एवढा माल ठेवायला विहीर लागेल? छे! दिवसाचं पीक दोन चमच्यांत मावतं, सहा महिन्यांचं कळशीच्या तळाशी. एक बीजाणू जेमतेम ८ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरमध्ये सव्वाशे. पण तेच बीजाणू एका रांगेत लावा. दिवसाची रांग २४० किलोमीटर: मुंबईहून पुणे गाठून परतीच्या अर्ध्या वाटेपलीकडे. सहा महिन्यांची ४३,२०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०७५. प्रदक्षिणा पूर्ण, वर तीन हजार शिल्लक!

बहुतेक बीजाणू वायाच जातात. जाऊ देत की! ३,००० कोटींपैकी २,९९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९८ मेले तरी चालतं. उरलेल्या दोघांची जोडी एखाद्या ओल्या बुंध्यावर जमली, की पुढे बीजाणूंची गरजच नाही. एका झाडाचं मूळ शेजारच्याला टेकतं, बुरशी मुळावरून मुळावर सरकते. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं रांगेत उभी असली की तिला आयती पंगतच! इंडोनेशियात सुमात्रा बेटावर गॅनोडर्मा आणि सेराटोसिस्टिस या बुरशांनी अकेशिया मँजियमच्या लागवडी इतक्या पोखरल्या, की लाखो एकरांवर मँजियम सोडून निलगिरी लावावी लागली.

म्हणून नुसती छत्री तोडून भागत नाही. रोगट झाड मुळासकट काढा, भोवती चर खणा, पुढची लागवड मिश्र करा. समोर ३,००० कोटी असले, तरी अडवायचे आहेत फक्त दोन!