आठ घरांची लिपी

सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारी, हिरव्या किंवा निळ्या उजेडाची छोटी पट्टी आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. इन्व्हर्टरवर, हजेरीच्या यंत्रावर, दवाखान्यातल्या एखाद्या उपकरणावर. तिच्यावरचा मजकूर जवळजवळ नेहमीच इंग्रजीत असतो, आणि त्याचे कारण आपण सवयीने बाजारात किंवा लोकांच्या अनास्थेत शोधतो. ती कारणे असतीलही. पण एक कारण त्या काचेमागच्या चिपमध्ये आहे, आणि ते कळायला ती पट्टी स्वतः जोडून पाहावी लागते.

माझे काम साधे होते. गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की रिकामी, हे खाली पंपाजवळ दिसावे. पंप चालवणाऱ्या काकांना मराठी वाचता येते, इंग्रजी येत नाही. टाकीत तरंगणारा स्विच बसवला, खाली आर्डुइनो उनो हा हौशी मंडळींचा बोर्ड ठेवला आणि त्याला ही पट्टी जोडली.

पट्टीला सोळा पिना असतात. पहिल्या दोन विजेच्या: एक ग्राउंड, एक ५ व्होल्टची. तिसरी अक्षरांचा गडदपणा ठरवते. तिला दहा हजार ओहमचा, फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर लावतात. चौथ्या पिनेवरून बोर्ड सांगतो की आता येणारी गोष्ट सूचना आहे की अक्षर. पाचवी वाचायचे की लिहायचे ते ठरवते. आपल्याला फक्त लिहायचे असते, म्हणून ती सरळ ग्राउंडला. सहावी म्हणजे ‘आता घे’ अशी टिचकी. सात ते चौदा या आठ पिना मजकुराच्या, आणि शेवटच्या दोन मागच्या दिव्याच्या. मजकुराच्या आठांपैकी शेवटच्या चारच वापरल्या तरी चालते. मग प्रत्येक बाइट अर्धा-अर्धा करून दोन हप्त्यांत जातो. म्हणजे बोर्डाच्या सहा पिनांत काम भागते. वीज दिल्यावर पहिल्या ओळीत नुसतेच काळे चौकोन दिसले, तर घाबरू नये. काच बहुधा ठीक असते. तिच्यापर्यंत सूचना पोहोचलेल्या नसतात.

इंग्रजी शब्द लगेच उमटतो. ‘टाकी’ हा शब्द पाठवला की मात्र गंमत होते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ट, काना, क आणि दुसरी वेलांटी या चार चिन्हांचे प्रत्येकी तीन, असे बारा बाइट होतात. पट्टी प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजते. परिणामी चार वेळा ग्रीक अल्फा, प्रत्येकामागे एक जपानी विरामचिन्ह, एका जागी काताकाना लिपीतला ‘से’ आणि बाकी तीन चौकटी कोऱ्या.

हे जपानी कुठून आले? या पट्ट्या चालवणारी एचडी४४७८० ही चिप हिताची या जपानी कंपनीची, १९८०च्या दशकातली. आजही बाजारातल्या बहुतेक पट्ट्यांमधली चिप तिचीच किंवा तिच्या बरहुकूम बनवलेली असते. तिच्यात अक्षरांचा एक तक्ता कायमचा कोरलेला आहे. सर्रास मिळणाऱ्या आवृत्तीत रोमन अक्षरांच्या जोडीला काताकाना आहे. ज्याने तक्ता केला त्याने आपली लिपी त्यात बसवली, पण तडजोड करूनच. कांजी चित्राक्षरे जवळजवळ सगळी सोडून दिली, आणि ‘का’चा ‘गा’ करणाऱ्या दोन टिकल्यांना स्वतंत्र चौकट द्यावी लागली.

आपल्यासाठी चिपमध्ये उरतात ६४ बाइट. त्यांत स्वतः आखलेली आठ अक्षरे मावतात, प्रत्येक पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. काना काढायचा तर सर्वांत वरची ओळ मात्रांसाठी मोकळी, दुसऱ्या ओळीत पाचही ठिपके ही शिरोरेघ, आणि त्याखाली चौथ्या रांगेत उभी रेघ. पण काचेवर दोन चौकटींच्या मध्ये फट असते. त्यामुळे शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. वेलांटीचा बाक शेजारच्या अक्षरावर जाऊ शकत नाही. तो आपल्याच चौकटीत आखडून बसतो. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लिहिताना आधी, हे यंत्राला ठाऊक नसते, म्हणून तिला आपणच आधी पाठवायचे. खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरचे काम आपल्याकडे येते, फक्त त्याच्या केसमध्ये आठच खिळे असतात.

आता हिशेब पाहा. ‘टाकी भरली’ला ट, काना, क, दुसरी वेलांटी, भ, र, ल असे सात आकार लागतात. ‘टाकी रिकामी’लाही सातच. पण दोन्ही मिळून नऊ! एक घर कमी पडते. ‘रिकामी’ऐवजी ‘खाली’ लिहिले तर बरोबर आठ आकारांत दोन्ही वाक्ये बसतात. अर्थ कळतो; पण मराठी कानाला ‘टाकी खाली’ म्हटल्यावर आधी दिशा ऐकू येते. शिवाय पाच ठिपक्यांच्या रुंदीत ‘ख’चा ‘रव’ होऊ पाहतो. चिपच्या सोयीसाठी घरातला शब्द बदलायचा, ही सुरुवात मला मान्य नव्हती.

वाट निघते. दोन्ही वाक्ये एकाच वेळी दिसायची नसतात, म्हणून आठ घरे प्रत्येक वाक्यापुरती नव्याने भरता येतात. क्रम पाळावा लागतो: आधी पडदा पुसायचा, मग आकार भरायचे, मग कर्सर परत ओळीत आणून लिहायचे. न पुसता आकार बदलले, तर काचेवरचे जुने अक्षर डोळ्यांदेखत दुसरेच होते.

ठिपक्यांनी चित्र काढता येणारी पट्टी घेतली की आठांची मर्यादा जाते. पण १२८ बाय ६४ ठिपक्यांच्या एका चित्राला १०२४ बाइट लागतात, म्हणजे उनोची निम्मी कामचलाऊ स्मृती. आणि जोडाक्षर कसे घडते, रफार कुठे बसतो, हे तिलाही आपणच शिकवायचे असते.

एक चौकट म्हणजे एक अक्षर, आणि शेजाऱ्याशी त्याचा संबंध नाही, ही या चिपची अक्षराची व्याख्या आहे. आपल्या लिपीत अक्षर शेजाऱ्याला धरूनच उभे राहते. तक्ता कोरला जाताना हे सांगणारे कोणी तिथे नव्हते. त्यामुळे आज पंपाजवळच्या माणसाला त्याच्या भाषेत दोन शब्द वाचायला मिळावेत, यासाठी कोणाला तरी एकेक ठिपका मोजत बसावे लागते. ते काम एका संध्याकाळचे आहे. ते केले नाही, तर काकांनी दर वेळी गच्चीवर चढायचे.