पट्टीवरचे पाणी

पदवीचा कागद अद्याप कोरा करकरीत असताना ज्या तरुण अभियंत्याची नेमणूक पाटबंधारे खात्याच्या एखाद्या तालुक्याच्या गावी होते, त्याच्या दृष्टीस पहिल्या दिवशी पडतात ती कौलारू कचेरीतील लाल फडक्यात बांधलेली दप्तरे, बारनिशीच्या टेबलावर साचलेले पाणीअर्ज आणि घड्यांवर विरलेला कालव्याचा नकाशा. आणि प्रवाहाची समीकरणे सोडविण्यात चार वर्षे घालविलेल्या आपण येथे करावयाचे तरी काय, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. मीही तो प्रश्न मनात घेऊनच एका शाखेत रुजू झालो होतो. आज त्याचे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकतो: विद्यालयात निरनिराळ्या प्राध्यापकांकडून निरनिराळ्या तासांना शिकलेले सारे विषय एकाच माणसाच्या अंगावर एकाच दिवशी येऊन पडतात, ते याच कचेरीत.

शेतकऱ्याने नमुना नंबर 7 वर पाणी मागावयाचे, आवर्तनाचा कार्यक्रम ठरावयाचा, शेजपाळीने एकेका चारीवर पाणी फिरावयाचे, मोजणीदाराने भिजलेले क्षेत्र मोजावयाचे आणि त्यावर पाणीपट्टीची आकारणी होऊन वसुली व्हावयाची, हा क्रम वरकरणी महसुली वाटतो. परंतु त्यातील प्रत्येक पायरी कालव्यातून किती पाणी खरोखर वाहिले या एका आकड्यावर उभी असते. कायदाही या तरुण अभियंत्याला वाचावा लागतो, कारण 1879 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याची जागा घेणाऱ्या 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाशी त्याची गाठ दारे फोडल्याच्या प्रत्येक पंचनाम्यात पडते. भराव खचला की तोच स्थापत्यविशारद आणि तोच हिशेबनीस. मोजमाप पुस्तकाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एम.बी.ची, पाने क्रमांकित असतात. त्यात खोडरबराला स्थान नाही. चुकलेला आकडा वाचता येईल अशा एका रेषेने छेदून, शेजारी बरोबर आकडा लिहून त्यावर सही करावी लागते. आपण लिहिलेल्या लांबी-रुंदी-खोलीवरून सरकारी तिजोरीतील पैसा बाहेर पडतो, ही जाणीव बावीस-तेविसाव्या वर्षी मनुष्याला जितकी गंभीर करते तितकी दुसरी कोणतीही गोष्ट करीत नसेल.

अशी उमेदवारी थोर अभियंत्यांनाही चुकलेली नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून 1883 मध्ये बाहेर पडले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशकास हजर झाले. खडकवासल्याची स्वयंचलित दारे आणि नीरा कालव्यावरील ब्लॉक पद्धती ही त्यांची पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांतले काम होते धुळ्याकडील दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन नेण्याचे. पाण्याची वाटणी हा यंत्राइतकाच माणसांचा प्रश्न आहे, ही त्यांच्या पुढील योजनांत दिसणारी दृष्टी अशाच मुक्कामांवर घडली असावी, असे मला वाटते.

माझी स्वतःची दृष्टी घडली ती एका चुकीने. रब्बीच्या दुसऱ्या आवर्तनात टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी तक्रार घेऊन आले की आमच्या वाट्याला निम्मेही पाणी येत नाही. मी गेजचे, म्हणजे पट्टीवरील पाण्याच्या उंचीच्या नोंदींचे, रजिस्टर उघडून दाखविले. चारीच्या मुखाशी पाणी मोजण्यासाठी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम होता. अशा फ्ल्यूमवरील विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो. म्हणजे पट्टीवर 30 सेंटिमीटरचे 33 झाले, एवढ्या दहा टक्क्यांच्या वाढीने विसर्ग पंधरा टक्क्यांनी वाढतो. पट्टीवर तर पाणी नेहमीपेक्षा चढलेलेच होते. माझ्या हिशेबाने त्यांना अधिक पाणी मिळत होते, आणि वाटेत कोणी ते चोरीत असले पाहिजे.

मंडळी निघून गेल्यावर आमचे वृद्ध पाटकरी, ज्यांना सारी शाखा तात्या म्हणे, दाराशी थांबून म्हणाले, “रावसाहेब, पट्टीवर दिसतंय ते थांबलेलं पाणी हाय. चालतं पाणी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर चारीने पायी निघालो. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला पानकणसाचे रान माजले होते आणि त्याच्या मुळांशी गुडघाभर गाळ बसला होता. पाणी तेथे तुंबून मागे फुगले होते; फ्ल्यूमला जिच्यावरून नाव मिळाले ती उभी लाट त्या फुगवट्यात बुडून गेली होती. कोष्टकातील प्रत्येक आकडा प्रवाह मोकळा सुटत असेल तरच खरा असतो, हे मी परीक्षेत अचूक लिहिले होते. प्रत्यक्षात मात्र उंची वाढत होती ती विसर्ग वाढल्यामुळे नव्हे, तर पाणी तुंबल्यामुळे, आणि पंधरा दिवस मी टेलच्या माणसांच्या नावावर कधी न वाहिलेले पाणी मांडीत आलो होतो. चोर कोणीही नव्हता. तात्यांनी लाट नाहीशी झालेली पाहिली होती. त्यांना कोष्टक ठाऊक नव्हते एवढेच.

चारी बंद करून दोन दिवसांत गवत आणि गाळ काढला. उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर रजिस्टरातले पंधरा आकडे एकेका रेषेने छेदले आणि कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. त्यांनी ते वाचले, सही केली, आणि पाणी सोडाल त्या रात्री टेलला स्वतः जा, एवढेच सांगितले.

त्या रात्री चारीच्या शेवटच्या विमोचकाशी तात्या, मी आणि तक्रार घेऊन आलेल्यांपैकी चौघे बसून होतो. पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज येतो, वाळलेल्या पाचोळ्यावरून काहीतरी सरपटावे तसा. मग कंदिलाच्या उजेडात फेस, काटक्या आणि मुंग्या पुढे ढकलीत ती पहिली काळी रेघ वळणावरून आली. “आलं,” तात्या म्हणाले. शेतकऱ्यांपैकी एकाने वाकून ओंजळ भरली आणि गव्हाच्या सरीकडे फावडे घेऊन धावला. मी घड्याळ पाहिले आणि वहीत वेळ लिहिली: 2 वाजून 40 मिनिटे.