केवडा पडलेले पीक आणि शाळेत मागे पडलेले पोर



ऊस विकासाच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण लागणीची नोंद घेण्यासाठी आम्ही एकोडीला गेलो होतो तेव्हा घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका सभासदाच्या बांधावर त्यांचा सातवीतला मुलगा उभा होता. आम्ही सहज विचारले, "पाच फुटी सरी, दोन फुटांवर एक रोप. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तर रोपे किती लागतील?" पोराने कागद न घेता सांगितले, "चार हजार तीनशे छप्पन." आम्ही खूश होऊन नोंदीचा कागद त्याच्या हाती दिला. 'लागण' शब्दावर पोर अडले, 'लाणग' म्हणाले आणि मान खाली घातली. बाप म्हणाला, "साहेब, डोकंच नाही याले. यंदा शाळा सोडवतो, ढोरामागं जाईल."

डोके नाही? मग ४,३५६ कुठून आले?

ही अडचण जुनी आहे. १८९६ मध्ये इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, हिशेबात चांगला, पण स्वतःचे नावसुद्धा चुकीचे लिही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. याला डिस्लेक्सिया म्हणतात. काहींना लिहिणे जड जाते, काहींना आकडेमोड. या सर्वांना मिळून अध्ययन अक्षमता असे नाव आहे.

हा आळस नाही, मतिमंदपणा नाही, कोणाची करणी तर मुळीच नाही. ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी मेंदूत वेगळ्या रीतीने होते, आणि पुष्कळदा हे घराण्यात चालत येते. आपल्या मराठीत घ-ध, भ-म यांची गफलत, काना-मात्रा गळणे, जोडाक्षराला अडणे, फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटणे अशा खुणा दिसतात. एखाददुसरी चूक सगळ्याच पोरांची होते. वर्षानुवर्षे शिकवूनही तेच राहिले तर लक्ष द्यावे. आधी मात्र डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चष्म्याने सुटणाऱ्या प्रश्नाला उगाच मोठे नाव नको.

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला तर आपण उसाला शिव्या देत नाही. लोह कमी पडले हे ओळखून हिराकस फवारतो. पोरासाठी मात्र अशी फवारणी नाही, औषधाची गोळी नाही. शिकवण्याची रीत बदलावी लागते. अक्षराचा आवाज मोठ्याने म्हणत मातीत बोटाने गिरवणे, थोडे थोडे आणि रोज, धडा वाचून दाखवणे, उत्तर तोंडी घेणे. आमच्या लहानपणी वर्गातला एक सोबती याच कारणाने मार खाई. चौथीत त्याने शाळा सोडली. आज तो नुसत्या नजरेने फडाचा उतारा सांगतो, पण वजनाची पावती दुसऱ्याकडून वाचून घेतो.

दहावीला अशा मुलांना सवलती देण्यास आपल्या राज्याने १९९६ मध्येच सुरुवात केली. जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता धरली आहे. त्यासाठी तपासणी होऊन प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मुख्याध्यापकांना भेटा, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच बांधावर गेलो. पोर शाळेत गेले होते. बाप पाणी देत होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "साहेब, मलेही चौथीपर्यंत वाचता आलं नाही. मास्तर लय मारत. माह्यापासूनच आलं का हे?"

असू शकते, आम्ही म्हणालो. त्याने काही उत्तर दिले नाही. फावडे उचलले आणि पाणी पुढच्या सरीत वळवले.